भूक किती हाये?

निर्मलाकाकूंच्या घरी कोणी गेलं की पाण्याचा गिलास हातात यायच्या आधी प्रश्न यायचा, "भूक किती हाये?" जेवता का, चहा ठेवू का, असलं काही नाही. आमच्या ह्यांच्या बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाईकाला 'वावर किती हाये?' विचारतात ना, अगदी त्याच आवाजात. आणि तुम्ही जे सांगाल तेवढंच ताटात पडायचं. वर एक घास नाही.

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी नवी नवरी होते. कारंज्याहून लग्न होऊन शेलूबाजारात आले, त्याला आठवडाही झाला नसेल. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, शेजारी द्यायला म्हणून वाटीभर शिरा माझ्या हातात दिला. दुपारची वेळ, नव्या सुनेचं जेवण सगळ्यांच्या शेवटी, पोटात नुसती आग पेटलेली. काकू चुलीपुढं भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ये माय. भूक किती हाये?"

मी लाजून म्हणाले, "थोडीशी."

आता माझ्या माहेरची रीत अशी, की पाहुण्यानं आधी नाही म्हणायचं, मग समोरच्यानं हात धरून बसवायचं, मग आपण नको नको म्हणत पोटभर जेवायचं. सगळ्या जगाची हीच रीत आहे असं मी समजून चालले होते. काकूंनी अर्धी भाकर आणि डावभर तुरीचं वरण वाढलं. चव अशी, की अजून जिभेवर आहे. मी बोटं चाटत टोपल्याकडं बघितलं. काकूंनी टोपल्यावर फडकं टाकलं.

घरी येऊन मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभ्या उभ्या गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि त्याच दिवशी या बाईशी आपलं जमायचं नाही हे ठरवून टाकलं. वर माझी शिऱ्याची वाटी त्यांनी रिकामी परत दिली होती! घासून लख्ख, पण रिकामी. आमच्या गल्लीत वाटी रिकामी परत जात नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात. पुढं ओळख वाढल्यावर मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. तर म्हणाल्या, "उगीच भराची म्हनून कायले भरू? तुले लागन तवा मांग, मी देतो."

बोलणं हे असं. उंच, हाडाच्या, नाकात मोठी फुली, पदर कमरेला खोचलेला, आणि चालताना उंबऱ्यावर पाय आपटायची सवय. त्यांचे यजमान एस.टी.तून निवृत्त झालेले, एका शब्दात उत्तर देणारा माणूस. एकुलता एक मुलगा अकोल्याला नोकरीला. घरचं थोडं वावर होतं, खाऊनपिऊन सुखी होते. म्हणजे परिस्थितीनं काटकसर करत होत्या असं कोणी म्हणायचं कारण नाही. गल्लीत त्यांना चिंगूस म्हणायचे. मीही म्हणायचे, आणि जरा मोठ्यानं म्हणायचे.

आठवडी बाजारात त्या दिवस कलल्यावर जायच्या आणि वाकडी वांगी, फुटके टमाटे, कोणी न घेतलेला दुधी असं घेऊन यायच्या. दोडक्याच्या शिरांची चटणी, फुलकोबीच्या दांड्यांची भाजी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या वरणात. घरात फ्रीज होता, पण त्यात पाण्याच्या बाटल्या आणि विरजण. "फ्रीजात ठेवलं म्हंजे इसरलं," असं त्यांचं मत. आणि दुसऱ्यांच्या घरी गेल्या की सरळ झाकणं उघडून बघायच्या. विचारणं नाही, काही नाही. नवरा-बायकोचं भांडण चालू असलं तरी ही बाई तुमच्या कढईत डोकावणार.

एकदा माझ्या फ्रीजवर धाड पडली. आत कालचं वरण, परवाची मटकी, भाताचा गोळा, कशाकशाच्या वाट्या. मी म्हणाले, "राहू द्या काकू, गाईला टाकते."

"गाईनं काय पाप केलं? दोन दिवसाचं आंबलेलं तिनं खावाचं?" असं म्हणून त्यांनी वरणाचा वास घेतला, मटकी बाजूला केली आणि माझ्याच परातीत कणीक मळायला बसल्या. वरणात पाणी, फोडणी, चिंचेचा कोळ, आणि त्यात कणकेचे तुकडे सोडून चकोल्या केल्या. मी ओट्याला टेकून बघत राहिले. दुपारी आमचे हे जेवायला आले. पहिला भुरका मारला आणि म्हणाले, "आज काही वेगळंच लागून राह्यलं. लय मस्त."

माझ्या घरातलं वरण, माझी कणीक, माझी चिंच, माझा गॅस! आणि तारीफ कुणाची? मी दिवसभर ह्यांच्याशी बोलले नाही. माणसाला कळलंसुद्धा नाही.

मी याला राग म्हणायचे. पण रागाला काही कारण लागतं, आणि मला तर त्यांचं काहीही चाललं तरी झोंबायचं. हेवाच होता तो, सरळ सांगते.

कारण माझंही नाव होतं. आमच्याकडे जेवून गेलेला माणूस पोट धरूनच उठायचा. आग्रह करावा तर मी. ताटावर आडवा हात धरला तर मी हाताच्या खालून वाढायची. पुरणपोळी मोडून दुधात टाकून द्यायची, म्हणजे माणूस परत करू शकत नाही. पातेलं रिकामं होईपर्यंत जेवण म्हणजे कमी पडलं, असं मला शिकवलेलं. उरलं पाहिजे. उरलं म्हणजे घर भरलेलं.

फक्त एका माणसावर माझी मात्रा चालत नव्हती, आणि ते माणूस घरातलंच. आत्याबाई. आमच्याकडचं म्हातारं माणूस ताटावरून उठताना वाढणारीला म्हणतं, "पोट भरलं माय." त्याला आशीर्वाद म्हणा, पावती म्हणा, काही म्हणा. आत्याबाई मला ते कधीच म्हणायच्या नाहीत. मी त्यांच्या ताटात मऊ भात, वर तूप, भाजी, कोशिंबीर, गोडाचं असं सगळं सजवून द्यायची. त्या ताटाकडं बघायच्या, सुस्कारा टाकायच्या, दोन बोटांनी इकडचं तिकडं करायच्या आणि अर्धं टाकून उठायच्या. वर्षानुवर्षं. मी मनात म्हणायचे, म्हातारीला माझ्या हाताचं गोड लागत नाही.

मग एक दिवस मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. आमच्या आणि काकूंच्या अंगणाच्या मध्ये कमरेएवढी भिंत. पलीकडे पारिजातकाखाली आत्याबाई बसलेल्या. काकू विचारत होत्या, "आत्याबाई, भूक किती हाये?" आणि आमच्या आत्याबाईंनी तळहात पुढं करून त्याच्या मधोमध अंगठा टेकवला. इतकी. काकूंनी तेवढाच भाकरीचा चतकोर ताकात कुस्करून आणला. आत्याबाईंनी वाटी पुसून खाल्ली, तोंडावरून पदर फिरवला आणि म्हणाल्या, "पोट भरलं माय."

माझ्या हातातली ओली चादर मातीत पडली. ती मला पुन्हा धुवावी लागली.

त्या दिवसापासून माझं एकच सुरू झालं. आत्याबाईंच्या तोंडून ते शब्द मला ऐकायचे होते. माझ्या घरात, माझ्या ताटावर, माझ्याकडं बघून. त्यासाठी मी काय काय केलं विचारू नका. ताकात भाकर कुस्करून दिली, तर वाटीच्या जागी वाडगाभर दिली. लापशी केली, कण्या केल्या. आत्याबाई अर्धं ठेवायच्या. मी म्हणायचे, "खा ना आत्याबाई, एवढ्यानं काय होते?" आणि आणखी वाढायची.

काकूंचं सगळंच काही कौतुकाचं नव्हतं, हेही लिहून ठेवते, नाहीतर लोक त्यांचा फोटो लावून हार घालतील. आमच्या नणंदेचे यजमान एकदा आले होते. जावई माणूस, पानात थोडं टाकून उठायचं म्हणजे रुबाब, असं ते मानणारे. दोन बुंदीचे लाडू ठेवून ते उठायला लागले. काकू कुठून आल्या कोण जाणे, पदर सावरत त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या.

"बापू, लाडू खराब लागला काय?"

"नाही नाही, छान आहे."

"मंग?"

"पोट भरलं."

"वाढाच्या आंधी काहून नाई सांगतलं? बसतो मी. घ्या, तुमचं होऊ द्या."

गालाला हात लावून बाई बसून राहिली! जावईबापूंनी घाम पुसत दोन्ही लाडू संपवले. नणंद महिनाभर माझ्यावर रुसली, जणू मीच शेजारीण भाड्यानं आणली होती. अजून बापू आले की आधी भिंतीपलीकडं बघतात. मी काकूंना म्हणाले, "तुमी दोन लाडू वाचवले म्हणून जगातली भूक मिटते काय?" तर म्हणाल्या, "जगाचं मले काय माईत? मले ह्या घरात कोन किती जेवते तेवढं माईत. तुले तेवढंबी नाई."

हे मला लागलं. लागायचंच होतं.

आता महालक्ष्म्यांचं सांगते. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात तेव्हा सगळं गाव एकमेकांकडं जेवायला असतं. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळी, वडे. आणि आमच्या गल्लीतल्या घरांची एक जुनी रीत आहे. त्या जेवणातलं शितसुद्धा अंगणाबाहेर न्यायचं नाही. अंगणात एक खड्डा खणायचा. उष्ट्या पत्रावळी त्यात, हात धुतलेलं पाणी त्यात, आणि उरेल ते सगळं अन्न त्यातच. मग वरून माती.

दुसऱ्या दिवशी बायका हळदीकुंकवाच्या निमित्तानं एकमेकींच्या अंगणात येतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मातीचा उंचवटा बघतात. ज्या घरचा खड्डा मोठा, त्या घरची महालक्ष्मी मोठी. कोणी तोंडानं म्हणत नाही, पण सगळ्या बघतात. माझा खड्डा दरवर्षी गल्लीत मोठा असायचा. काकूंचा खड्डा बादलीएवढा. त्यात पत्रावळी आणि पाणी, बस. आणि त्यांच्याकडं माणसं काही कमी जेवायची नाहीत. आदल्या दिवशी त्या घरोघर फिरून विचारायच्या, "उद्या येनार ना? सकाळी किती खाता अन् कवा खाता?" त्यावरून त्या दुपारच्या भुकेचा अंदाज बांधायच्या. मला ऐकून हसू यायचं.

एका वर्षी मी ठरवलं, की आत्याबाईंच्या डोळ्यांचं पारणं फिटेल अशी महालक्ष्मी करायची. धनजच्या मामेसासऱ्यांचं सगळं खटलं बोलावलं, मंगरूळचे लोक बोलावले, दुकानाची गिऱ्हाइकं बोलावली. पहाटेपासून चुली पेटल्या. पुरणाचं पातेलं दोघांनी उचलायचं झालं. आणि सकाळपासून जो पाऊस लागला तो लागलाच. दुपारी नैवेद्य झाला, आरती झाली, आणि फोन यायला लागले. नाल्याला पूर, पुलावरून पाणी, गाड्या अडकल्या. येत नाही. येत नाही. येत नाही.

गल्लीतली माणसं जेवून गेली. पातेल्याला जरा खळगा पडला, एवढंच. मी माजघरात डोक्याला हात लावून बसले. आत्याबाई महालक्ष्म्यांपुढं बसून होत्या, जेवायचंही नाव नाही. अंगणात गड्यानं खणलेला खड्डा पावसानं अर्धा भरलेला. आयुष्यात पहिल्यांदा मला तो खड्डा बघवेना. एवढं सगळं त्यात घालायचं? तो पुरला नसता. दुसरा खणावा लागला असता.

अशात काकू आल्या. नेहमीसारखी झाकणं उघडली. एकेक झाकण उघडायच्या आणि परत ठेवायच्या. मी वाट बघत होते, आता ही बोलणार. पण काकूंनी डोक्यावर पोतं घेतलं आणि बाहेर गेल्या.

"कुठं चालल्या?" मी ओरडले. "बाहेर काही नेता येत नाही काकू, माहीत आहे ना?"

"नेऊन कोन राह्यलं?" असं उंबऱ्यावर पाय आपटत म्हणाल्या.

शेलूबाजारच्या चौकात जीपगाड्या उभ्या होत्या. पोहरादेवीला निघालेले लोक, कामाला परगावी चाललेली तांड्यावरची बाया-माणसं लेकरांसकट, एक दोन ड्रायव्हर. सकाळपासून अडकलेले, पानटपरीच्या छपराखाली कुडकुडत. काकू त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या म्हणे आणि एकेकाला विचारलं, "भूक किती हाये?" भिजलेला माणूस लाजत नाही. सगळे म्हणाले, "लय."

"मंग चाला."

आणि आमच्या दारात ही रांग! आत्याबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोनाचे कोन आनले वं निर्मला?"

"आत्याबाई, आज या घरी जेवाले येते तो पाहुना असते. शित बाहेर जाऊ द्याचं नाई. मानूस आत येऊ द्याचं नाई असं कोनं सांगतलं?"

आत्याबाईंनी सरकून वाट दिली. मी पत्रावळी मांडल्या. पंगत बसली. काकूंनी पळी हातातसुद्धा धरली नाही. खांबाला टेकून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "कर आता आग्रह. कर लागन तेवढा."

मी केला. बाप्पा, काय केला! कोणी हात आडवा धरला नाही. एक म्हातारी बाई तर पुरणपोळीवर तूप पडताना बघून हसायलाच लागली. पंगतीमागून पंगत उठली. काकू दारात उभ्या राहून नव्या माणसाला विचारायच्या आणि आत मला आवाज द्यायच्या, "रेखा, या बुढ्याले अर्धी पोयी दे. त्या पोरीले दोन, ते लाजून राह्यली." दिवेलागणीपर्यंत पुरणाचं पातेलं पुसून निघालं. अंगणातल्या खड्ड्यात पत्रावळी, पाणी, आणि शेवटी सोळा भाज्यांतला डावभर कारल्याचा रस्सा.

मी थकून भिंतीला टेकले. मन असं भरून आलं होतं की काय सांगू. शेवटच्या पंगतीला आत्याबाई बसल्या होत्या. त्यांनी ताट पुसलं, तोंडावरून पदर फिरवला, आणि मी पुढं वाकले. आता म्हणणार. आता.

आत्याबाईंनी खांबाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "निर्मला, पोट भरलं माय."

अरे देवा! सोळा भाज्या मी चिरल्या, पोळ्या मी लाटल्या, पाठ माझी मोडली. आणि पोट भरलं कुणामुळं? काकूंनी हातानं माझ्याकडं दाखवलंसुद्धा, "मले काय म्हनता, रेखानं केलं." पण म्हातारीनं म्हटलं ते म्हटलं. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या बायकाही खड्ड्याकडं बघायच्या सोडून काकूंचंच गात होत्या. मी सगळ्यांना कुंकू लावलं आणि काकूंना सगळ्यांच्या शेवटी लावलं.

आत्याबाई पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. ते शब्द मला न म्हणताच गेल्या. त्यानंतर काकाही गेले, काकू घसरून पडल्या, आणि मुलगा त्यांना अकोल्याला घेऊन गेला. निघताना मी वाटेसाठी डबा दिला. काकूंनी गाडीत बसल्या बसल्या झाकण उघडलं, अर्ध्या पुऱ्या काढून माझ्या पदरात टाकल्या. "एवढी भूक नाई मले." गाडी गेली. भिंतीपलीकडं कुलूप लागलं, आणि मला आपलं स्वयंपाकघर कोणी बघत नाही याचीसुद्धा चुटपुट लागली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते अकोल्याला. लग्नाला गेले होते, तिथून त्यांच्याकडं गेले. फ्लॅट चांगला, सून चांगली, नीटनेटकी, तोंडात साखर. काकू खिडकीपाशी खुर्चीत. अर्ध्या झालेल्या. बोलणं जड झालेलं, फुली सैल पडलेली. सुनेनं त्यांच्यापुढं ताट ठेवलेलं. पोळ्या, दोन भाज्या, भाताची मूद, श्रीखंड. सगळं सजवून. काकू त्याच्याकडं बघत होत्या. मग सुस्कारा टाकला आणि दोन बोटांनी इकडचं तिकडं करायला लागल्या.

"बघा ना मावशी," सून काकुळतीला येऊन म्हणाली, "रोज अर्धं ताट तसंच राहतं. मी इतकं मनापासून करते. आई, खा ना हो, एवढ्यानं काय होतं?" आणि तिनं आणखी एक डाव श्रीखंड वाढलं.

मला आधी त्या सुनेचा हेवा वाटला. हिच्या घरी काकू आहेत, आणि हिला त्याचं काही नाही. मग मी ते ताट उचललं, बाजूला ठेवलं आणि काकूंच्या समोर मांडी घालून बसले.

"काकू, भूक किती हाये?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तळहात पुढं केला आणि त्याच्या मधोमध अंगठा टेकवला.

मी सुनेला ताक मागितलं. पोळीचा चतकोर त्यात कुस्करला, मीठ टाकलं, वाटी हातात दिली. एकदाही 'घ्या' म्हणाले नाही, जीव नुसता वर-खाली होत होता. काकूंनी सावकाश खाल्लं. बोटानं वाटी पुसली. पदर सापडेना, तर हाताच्या पाठीनं तोंड पुसलं.

"पोट भरलं माय," त्या म्हणाल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या.

मी वाटी घेऊन उठले. सून स्वयंपाकघराच्या दारात श्रीखंडाचा डाव हातात धरून उभी होती, आणि माझ्याकडं असं बघत होती, जसं मी कमरेएवढ्या भिंतीपलीकडं कितीतरी वर्षं बघत आले.

"मला तर असं कधीच म्हणत नाहीत," ती म्हणाली.

आणि खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटलं.